मंगळवार पेठेतला तयार गळा

कलावंताचा गळा ही समाजाची ठेव असते, आणि ठेव म्हटली की ती मुदतीआधी मोडायची नसते. कोल्हापुरात ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती गणपतरावांनी. ते पूर्वी लग्नाला नि जत्रेला कर्णे भाड्यानं देत, त्यामुळे आवाजाशी संबंध जुना. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या 'विस्तारित स्वरसाधना केंद्रा'त नाटकात काम करू इच्छिणाऱ्यांचा गळा तयार करून मिळतो. (मुदत विस्तारितच असते. ती कुणाची संपल्याचं ऐकिवात नाही.)

कोडोलीची अनुजा इथं आली तेव्हा तिचा आवाज अगदीच कच्चा होता. म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचायचा. तिला एकच हवं होतं: केंद्राच्या वार्षिक नाटकात राणीचं काम. पहिलं वर्ष गणपतरावांनी तिला गप्प बसवलं. दुसऱ्या वर्षी तिनं पेल्यातल्या पाण्यात नळीनं बुडबुडे काढले आणि त्यात प्रावीण्य मिळवलं. मिसळ बंद झाली, भांडण बंद झालं, कंडक्टरकडं सुटे पैसे मागणंही बंद झालं. केंद्राच्या पाहणीनुसार शंभरातल्या ब्याण्णव गळ्यांना इजा होते ती 'न्हाय' म्हणताना. उरलेले आठ गळे घरजावयांचे. म्हणून हा शब्द अभ्यासक्रमातून वगळला आहे. एवढ्या कळकळीनं शिकवणारी संस्था दुसरीकडं शोधून सापडणार नाही.

तिसऱ्या वर्षी अनुजानं राणीचं काम तोंडपाठ केलं, आणि प्रयोगाच्या तोंडावर पूर्णिमानं प्रवेश घेतला. पूर्णिमाचे वडील केंद्राला नवी इमारत देणार होते, आणि पूर्णिमाला राणी व्हायचं होतं. गणपतरावांनी शास्त्रशुद्ध तोडगा काढला: रंगमंचावर पूर्णिमा ओठ हलवेल, विंगेत उभी राहून अनुजा बोलेल. नाव अर्थातच जिचं तोंड दिसतं तिचं.

अनुजाला 'न्हाय' म्हणायचं होतं. तिनं बाकीच्या विद्यार्थ्यांकडं पाहिलं. त्यांनी तातडीनं नळ्या तोंडात धरल्या आणि बुडबुडे काढायला लागले. मग तिनं सगळा जीव एकवटून तोंड उघडलं, आणि आतून, सावकाश सोडलेल्या श्वासावर, अतिशय गोड असं 'होय सर' बाहेर पडलं. गणपतरावांचे डोळे भरून आले. गळा तयार झाला होता.

प्रयोगाला अनुजाची आई, शेवंताबाई, कोडोलीहून आल्या. बाईंचं कसलंच प्रशिक्षण झालेलं नाही. राणीचं पहिलं वाक्य ऐकलं आणि त्या मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"ह्यो माझ्या अनुजाचा आवाज हाय. ती पोरगी नुसती व्हट हलवतीया. माझ्या लेकीला म्होरं आणा की."

विंगेत अनुजा बोलायची थांबली. रंगमंचावर राणीचे ओठ मात्र हलतच राहिले. आता सगळ्या सभागृहाला कळलं होतं. आईच्या बाजूनं कुणी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी अनुजा चार पावलं चालून उजेडात आली असती. ती तयारीतच उभी होती.

तुम्हीही होतात की तिथं, मधल्या रांगेत. तुम्ही मागं वळून शेवंताबाईंना 'शुऽऽ' केलंत; हळुवार, अगदी पोटातून, घशाला जराही ताण न देता. गणपतरावांनी तेव्हाच शेजारी बसलेल्याकडं चौकशी केली, की हा इतका तयार गळा कुणाचा?