डबीतले सासरे

"आता मी काही मरत नाही! ये, दाखवतोच तुला!" असं सासऱ्यांनी सकाळी फोनवर आपल्या मेव्हण्याला ठणकावून सांगितलं, तेव्हाच सूनबाईनं ओळखलं, आता आपलं बिंग फुटणार.

चूक तिचीच. ती काम करायची त्या प्रयोगशाळेत वयस्कर माणसाच्या त्वचेचा तुकडा हवा होता आणि सासऱ्यांनी हौसेनं दंड पुढे केला. त्या कणभर कातडीतल्या पेशी काचेच्या डबीत भराभर वाढू लागल्या. "बाबा, जमलं तर या वर्षानुवर्षं वाढतच राहतील!" ती उत्साहाच्या भरात बोलून गेली. बाबांनी 'जमलं तर' तेवढं सोडून बाकीचं सगळं ऐकलं.

आणि गेल्या आठवड्यात डबीत बुरशी शिरली. पेशी मेल्या. अडीनडीला असाव्यात म्हणून थोड्या गोठवून बाजूला ठेवायचं काम ती रोज उद्यावर ढकलत आली होती! घरी सांगायचा धीर होईना, कारण मोठ्या दुखण्यातून उठलेले बाबा त्या डबीच्या आनंदात चार घास जास्त जेवत होते. बिचारी करणार तरी काय?

दुपारी बाबा, सासूबाई आणि मेव्हणा, तिघंही प्रयोगशाळेच्या दारात हजर! सूनबाईनं घाबरून हाताला लागली ती डबी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"अहाहा!" बाबांनी डोळा लावला. "कशा ताठ आहेत बघा! आमच्या घराण्याचा कणाच तसा!"

"खरंच हो दाजी, अगदी तुमच्यावर गेल्यात!" मेव्हणा म्हणाला.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "हेच ते. तळाला चिकटून पडलेत आणि आयतं गिळतायत. लांबून ओळखले असते मी!"

बाबा इतके खूश झाले, की दिसेल त्याला हाक मारून बोलवू लागले. पलीकडच्या टेबलावरची मैत्रीण तशीच धावत आली.

"अगं, माझी उंदराच्या पेशींची डबी तू कशाला घेतलीस?"

मेव्हण्यानं छताकडे बघायला सुरुवात केली. सूनबाईला रडूच कोसळलं. "बाबा, तुमच्या पेशी गेल्या हो! माझ्याच हलगर्जीपणानं. सांगवेना मला."

बाबा स्टुलावर टेकले. मग त्यांनी शर्टाची दुसरी बाही वर सारली.

"रडतेस काय वेडे? हा दंड आहे की अजून. घे, कर पुन्हा सुरुवात!"

आता सूनबाईला आणखीच भरून आलं. सासूबाईंनी तिच्या हातात रुमाल दिला आणि पाठीवर हात फिरवला.

"दंडाचं काय घेऊन बसलीस गं? कधीच न थकणाऱ्या पेशी हव्यात ना? मग यांच्या जिभेच्या घे!"