तीन दरवाजे आणि एक देव्हारा

"तीन दरवाजे, एक देव्हारा. हाव, तितकंच आहे. झाडाले धक्का नाई लागला."

हे वाक्य मी ऐकलं तेव्हा माझे बाबा अंगणातल्या कडुनिंबाखाली पडलेले होते आणि त्यांचा उजवा पाय जिथे वळू नये तिथे वळला होता. त्यांच्याकडे धावताना आई बादलीला अडखळून पडली होती आणि मनगट धरून बसली होती. सगळी गल्ली जमली होती. कोणी पाणी आणा म्हणत होतं, कोणी रिक्षा. आणि शेजारचे देवमननाना झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल खोडाला लावून, दरवाजे मोजत होते.

मोजून झाल्यावर ते वळले.

"बाजूले व्हा बे! पाय धरून काय ओढता? बैलगाडी आहे का ते?"

ते घरी गेले आणि खांद्यावर एक रुंद फळी घेऊन आले. बाबांना त्यांनी त्या फळीवर असं सरकवलं, की बाबा फक्त एकदाच ओरडले.

"सर, अंग सैल सोडा," नाना सांगत होते. "लाकूड आपल्याले मदत करत नाई, म्हणून ते उचलाले सोपं रायते. माणूस मदत कराले जाते अन् घोळ करते."

देवमननानांची लाकडाची वखार खामगावात आमच्या घराला लागूनच आहे. मधे एक भिंत, तीही कमरेएवढी. भिंतीच्या अलीकडे जिवंत झाडं, पलीकडे मेलेली. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी बाबांनी खिडकीतून पाहिलं, तर एक धोतर-टोपीवाला गृहस्थ आमच्या कडुनिंबाला मिठी मारून डोळे मिटून उभा. बाबा शाळेत विज्ञान शिकवतात आणि उरलेल्या वेळात झाडं लावतात. ते आईला म्हणाले, "बघ, कसा शेजार मिळाला! झाडावर इतकं प्रेम मी पुस्तकातसुद्धा वाचलं नाही." त्यांनी नानांना चहाला बोलावलं.

नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "सर, आजच्या घडीले दोन दरवाजे अन् एक पाट निघते. तोडाचं असन तवा सांगजा."

बाबांचा कप ओठाशीच थांबला, असं आई सांगते.

तेव्हापासून रोज सकाळी नाना चहाला येतात. आधी झाड मोजायचं, मग बाबांशी भांडायचं, मग चहा. मिठी हेच त्यांचं माप. टेपवर त्यांचा विश्वास नाही. "टेप रबरासारखा ताणते, हात ताणत नाई." खामगावातलं कुठलंही झाड दाखवा, ते मिठी मारून त्यातल्या खिडक्या, चौकटी, पोयपाट सांगतील. एकदा एका लग्नात मांडवाजवळच्या चिंचेला नाना मिठी मारून उभे असताना वधूच्या मामांना वाटलं, त्यांना चक्कर आली. त्यांनी लिंबूपाणी आणून दिलं. नानांनी ते पिऊन टाकलं.

माणसंही ते लाकडातच मोजतात. आई सागवान. बाबा बाभूळ, कारण "काटे हायेत, वाकत नाई, पण औताले हेच लागते." स्वतःला ते आडजात म्हणतात. वखारीत सागवान सोडून बाकी सगळ्या लाकडाला तेच नाव. माझं नाव बाबांनी शाल्मली ठेवलं आहे. नाना मला सावरी म्हणतात. "शाल्मली म्हंजे सावरच ना? हलकं लाकूड. आवाज करत नाई. काडेपेटीच्या कामाचं." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, "पण पेटलं म्हंजे पेटलं!"

आवाज करत नाही हे खरं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. गल्लीत मराठी बोलताना अडखळते आणि इंग्रजी बोललं तर लोक हसतात. गप्प राहिलं की दोन्ही प्रश्न सुटतात. माझं कामही घरून, लॅपटॉपवर, लिहिण्याचं. त्यामुळे समोरच्या खोलीत बसून सगळं बघायची मला सवय आहे.

संक्रांतीनंतर बाबा झाडावर चढले ते मांज्यात अडकलेल्या बगळ्याला सोडवायला. बगळा सुटला. "अन् जाताना मागं वयूनई पाह्यलं नाई त्यानं," हे नाना भेटीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. बाबांच्या मांडीत सळई बसली, आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बाबांची शाळा खाजगी. माणूस खाटेवर गेला की पगारही झोपतो.

आता आमच्यासारखं घर सांभाळणं सोपं नाही. आमच्याकडे प्लास्टिकची पिशवी येत नाही. आंघोळीचं पाणी बादलीत साठवून झाडांना जातं. आई ज्या बादलीला अडखळली ती तीच. ओला कचरा अंगणातल्या रांजणात खत होतो. सुका पाला जाळायचा नाही. मावशी दोन दिवसांसाठी मदतीला आली होती. तिने पहिल्याच संध्याकाळी पाला पेटवला आणि बाबा खाटेवरून असे ओरडले, की ती सकाळच्या एसटीने आपल्या गावी, धाडला, परत गेली.

मग नाना आले. कोणी बोलावलं नव्हतं.

"तुमचे कायदे सांगा एकेक," ते म्हणाले. "मले पटत नाईत, पण पायतो."

आणि पाळले. भाजी ते गमछ्यात बांधून आणत. औषधवाल्याने पिशवीत घालून दिलेल्या गोळ्या त्यांनी काढून टोपीत ठेवल्या आणि भर उन्हात बोडक्या डोक्याने घरी आले. रोज रांजणात सालपटं टाकून आत डोकावत आणि जाहीर करत, "जेवला तुमचा कचरा!" बाबांना उठून बसता यावं म्हणून त्यांनी खाटेवर एक आडवा दांडा बसवला. चालायला लागायची वेळ येईल म्हणून आधीच एक घोडी केली, चार पायांची, धरून चालायची. बाबांनी ती बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठलं झाड तोडलंत?"

"पाडलेल्या घराची चौकट आहे, सर. ते झाड तुमच्या आजोबाच्या जन्माआधी मेलं. सुतक नाई लागत. धरा."

सगळं असं हसत-खेळत चाललं असतं. पण एक गोष्ट बिघडली होती. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी बाबांनी दारातच विचारलं होतं, "फांदी मोडली का गं झाडाची?" आई त्यांच्याशेजारी उभी होती. तिचा हात गळ्यात अडकवलेला होता. त्या हाताबद्दल बाबांनी एक शब्द विचारला नव्हता.

आठवड्याने आई भिंतीपाशी जाऊन म्हणाली, "नाना, न्या तुमचे तीन दरवाजे. मला हे झाड डोळ्यांसमोर नको."

बाबांनी खाटेवरून ऐकलं. तोंड भिंतीकडे केलं.

इतकी वर्षं नानांनी ज्याची वाट पाहिली ते आयतं हातात आलं होतं. मी लॅपटॉपवरून मान वर केली. नाना टोपी काढून डोकं खाजवत होते.

"तोडू ना, बाई. पण सध्या शुद्ध पक्ष आहे. चांदण्यात तोडलेलं लाकूड किडते. अंधारा पक्ष लागू द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वखारीत ट्रॅक्टर आला. त्यात ताजी तोडलेली बाभूळ होती, बुंध्यातून अजून रस गळत होता. मी खिडकीतून नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते आडजात आहे," ते घाईघाईने म्हणाले. "त्याले चालते."

अंधारा पक्ष लागला. तोवर झाडाची पानगळ सुरू झाली होती. "झोपलेल्या झाडाले करवत लावत नसतात, बाई. पाप नाई, पण दरवाजे करकर करतात." पालवी फुटली. "आता रस चढून राह्यला. लाकूड वाकडं होते." मोहोर आला. "पाडवा तोंडावर आला. गल्लीले कडुनिंबाचा पाला तुम्ही देता. या वर्षी काय गुलाबाचा द्याल?"

आई प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. मध्येच एका दुपारी बाबांना उचलून बसवताना नाना बोलत होते ते मी ऐकलं. "सर, झाडाची चौकशी करता. बाईच्या हाताले काऊन नाई विचारत? तोई मोडलाच आहे ना?" त्या संध्याकाळी त्यांनी आईला खाटेच्या कडेला बसवलं आणि तिची वेणी घालून दिली. पहिली वेणी दोरखंडासारखी झाली. पाडव्यापर्यंत बरी जमायला लागली.

आईचा राग तेव्हाच उतरला असावा. पण दिलेला शब्द खाली उतरवायला तिला शिडी मिळत नव्हती. आणि बाबा, आयुष्यात पहिल्यांदाच, झाडाबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

पाडव्यानंतरच्या एका पहाटे मी रांजणात सालपटं टाकायला बाहेर आले. नाना झाडाला मिठी मारून उभे होते. आज ते दरवाजे मोजत नव्हते. मला बघून त्यांनी हात सोडले नाहीत.

"हे पाय, सावरे," ते म्हणाले. "तुही काकू जिवंत होती तवा माही बोटं त्या बाजूले एकमेकाले भेटत. आता वीतभर अंतर पडते."

मी मागे जाऊन पाहिलं. खरंच, दोन्ही हातांच्या बोटांमध्ये एक वीत साल दिसत होती.

"वखारीतलं लाकूड कितीबी मोज, तेवढंच भरते. हे वाढते." त्यांनी खोडावर थाप मारली. "माह्या घरी आता वाढणारं काहीच नाई."

मग त्यांनी टोपी घातली आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "चहा झाला का, बाई?"

चैत्राचा अंधारा पक्ष लागला त्या आठवड्यात आईचं लांबलेलं प्लास्टर अखेर निघालं. दुसऱ्या सकाळी वखारीतलेच दोघं दोर आणि करवत घेऊन अंगणात आले. आईने परस्पर सांगून ठेवलं होतं. ती पायरीवर उभी होती, मोकळ्या हाताची मूठ उघडत-मिटत. बाबा घोडी धरून दारापर्यंत आले, पहिल्यांदाच, कोणाचा हात न धरता. एरवी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

"तू म्हणशील तसं," बाबा आईला म्हणाले. ते खरंच तसं म्हणत होते, आणि त्यामुळे आईचा चेहरा आणखीच अवघडला.

"नाना, सुरू कराचं का?" करवतवाल्याने विचारलं.

"थांब बे. मोजू दे."

नानांनी मिठी मारली. मोजलं. सोडलं. पुन्हा मोजलं. आकाश बघितलं, पण पक्ष अंधाराच होता. मोहोर झडून गेला होता. पाडवा होऊन गेला होता. त्यांनी पुन्हा मिठी मारली आणि गाल खोडाला लावला. आई माझ्याकडे बघत नव्हती, बाबांकडे नव्हती, झाडाकडेही नव्हती. ती वाट बघत होती, कोणीतरी काहीतरी बोलण्याची.

मी लॅपटॉप बंद केला. पायऱ्या उतरून झाडाच्या मागच्या बाजूला गेले. करवतवाले बाजूला सरकले. नानांच्या बोटांमधल्या त्या वीतभर जागेत मी माझा पंजा ठेवला. तो बरोबर बसला. सगळी माणसं माझ्याकडेच बघत होती, तरी मी बोलले, आणि भिंतीपलीकडेही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

"तीन दरवाज्यासाठी कोण तोडते, नाना? अजून चार-पाच वर्सं थांबा. चौथा निघते!"