उचलू नये

पाणीपुरवठा कचेरीतल्या हेडक्लार्कना समोरासमोर सगळे 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'कुलूपराव'. त्यात कुणाची चूक नव्हती. त्यांच्या टेबलाच्या खणाला कुलूप, कपाटाला कुलूप आणि सायकलीला दोन कुलपं. एक चोरासाठी, दुसरं पहिलं चोरीला जाऊ नये म्हणून. एकदा त्यांनी जेवणाच्या डब्यालाही इवलंसं कुलूप लावलं होतं. (किल्ली घरी राहिली. त्या दुपारी समोरच्या टायपिस्टबाईंनी आपला अर्धा डबा दिला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या रजेच्या अर्जावर सही झाली.)

अशा माणसाने तोंड बघून उघडणारा फोन घ्यायचं ठरवलं, यात नवल ते काय?

दुकानदार म्हणाला, "साहेब, आता आकडे लावायला नकोत, बोट टेकवायला नको. तुम्ही फोनकडे बघा, फोन तुमच्याकडे बघेल. ओळख पटली की उघडला. दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडायचा नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाण्याचं काम राहिलं बाजूला आणि फोनपुढे तोंडांची रांग लागली. टायपिस्टबाईंनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. शिपायाने गाल फुगवून पाहिले. मोठे साहेब सहज चक्कर मारायला आल्यासारखे आले आणि त्यांनीही फोनकडे पाहिलं. फोनने दाद दिली नाही, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "हे काही खरं नाही," ते म्हणाले, "उद्या कुणी तुमचा फोटो दाखवला तर?" म्हणून कुलूपरावांचं ओळखपत्र दाखवण्यात आलं. फोन उघडला नाही. (त्या फोटोवरून कचेरीचा पहारेकरीही त्यांना आत सोडत नसे, ही गोष्ट वेगळी.) झाडणाऱ्या मावशींना कुणीतरी हौसेने फोन दाखवला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. माझं तोंड बघून लोक उघडं दार लावून घेतात, तुमचा फोन कशाला उघडतोय!" सगळे हसले. मावशीही हसल्या, पण जरा उशिराने.

घरी बायकोने फोन तोंडासमोर धरला, खाली ठेवला आणि म्हणाली, "बत्तीस वर्षं मी हे तोंड बघतेय. मला अजून उघडलं नाही."

"काय उघडलं नाही?"

"आत काय चाललंय ते."

कुलूपराव वर्तमानपत्रात शिरले.

आत काय चाललंय, ते तिला तसं ठाऊक होतं. कुलूपरावांना एक थोरले भाऊ होते. त्याच गावात, सायकलने वीस मिनिटांवर राहणारे. दादा शाळेची बस चालवत. वडिलांना शेवटच्या आजारात त्यांनीच सांभाळलं. उचलणं, पुसणं, भरवणं, सगळं. कुलूपराव रविवारी फळं घेऊन जात. शेवटी वडील म्हणाले, "मला आता दवाखान्यात नेऊ नका, या खोलीतच राहू द्या." दादांनी त्यांचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी वडील गेले. कुलूपराव धावत आले आणि माणसांनी भरलेल्या त्या खोलीत भावाकडे बोट दाखवून म्हणाले, "तू मारलंस त्यांना."

दादा वळून दाराशी गेले. उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडला होता, तो खाली बसून जोडी जोडी करून लावत राहिले.

त्याला अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. आई दादांकडेच असे. तिची नजर गेली होती, गुडघे गेले होते, पण ऐकू अगदी खणखणीत येत असे. कुलूपराव तिला भेटायला दर मंगळवारी चार वाजता जात. कारण तीन ते पाच दादा बसवर. पावणेपाचला कुलूपराव उठत आणि मागच्या जिन्याने खाली उतरत. अकरा वर्षांत दोघा भावांची एकदाही गाठ पडली नाही. असं चोख वेळापत्रक खुद्द पाणीपुरवठ्यालाही कधी जमलं नव्हतं.

त्या मंगळवारी ते नव्या फोनसकट गेले. आईला डुलकी लागली होती. शेजारी बसून कुलूपरावांनी फोन काढला आणि दर मंगळवारी करत तेच केलं. दादांचा नंबर त्यांनी रागाच्या भरात, कचेरीतल्या पाटीसारखा, 'उचलू नये' या नावाने ठेवला होता. तो उघडून त्यांनी लिहिलं: 'दादा, मी त्या दिवशी'. आणि थांबले. पुढचा शब्द काही सापडेना. तेवढ्यात आई जागी झाली.

"काय करतोयस रे?"

"नवा फोन घेतलाय, आई. तोंड बघून उघडतो."

"बघू." तिने तो हातात घेऊन चाचपला. "गुळगुळीत आहे. याला नाकडोळे कुठायत?"

मग तिने गुडघ्याचं काढलं, त्यावरून औषधाचं, औषधावरून वडिलांचं. घड्याळात पावणेपाच झाले, तसे कुलूपराव घाईघाईने उठले. फोन राहिला आईच्या पांघरुणात.

घरी पोचल्यावर त्यांनी सहाही खिसे चाचपले. मग सगळे पुन्हा चाचपले. मग मटकन खाली बसले.

"असू दे," बायको म्हणाली, "तुमच्याशिवाय कुणाला उघडत नाही ना?"

"नाही. कुणाच्या बापाला नाही," असं म्हणत त्यांनी तिच्या फोनवरून आपला नंबर लावला. तिसऱ्या घंटेला पलीकडून आवाज आला आणि कुलूपराव दचकलेच. तो आवाज हुबेहूब त्यांचा स्वतःचा होता.

"हॅलो, कोण?"

"मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"अहो, माझाच फोन आहे तो! तुम्ही कोण?"

"मी," पलीकडचा आवाज म्हणाला आणि मग खाली उतरला. "बारक्या, मी आहे."

छप्पन्न वर्षांच्या हेडक्लार्कना बारक्या म्हणणारा एकच माणूस जगात होता.

"आईच्या अंगाखाली टोचत होता," दादा म्हणाले. "बघितलं काय आहे, तर उघडला."

"उघडला? कसा उघडला?"

"मी काही केलं नाही. नुसतं बघितलं."

कुलूपरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दादांना आता दाढी होती, ढेरी होती, टक्कल होतं. पण फोनला त्या सगळ्याच्या आतला माणूस दिसला असावा.

"पुढे काय?" दादांनी विचारलं.

"कशाच्या पुढे?"

"'दादा, मी त्या दिवशी' एवढंच लिहिलंयस. मला नीट दिसत नाही म्हणून जवळ धरलं, तर अंगठा कुठेतरी लागला आणि माझ्या खिशात टिंग वाजलं. तुझ्या फोनवरून मीच मला पाठवलं. मग मी माझ्या फोनवरून विचारलं, त्या दिवशी काय? तर तुझा फोन हातात वाजला." पलीकडे खुर्ची सरकली. "आणि हे 'उचलू नये' कशाला लिहून ठेवलंस रे? मी तर कधी फोन केलाच नाही."

कुलूपरावांनी फोन बंद केला. बायको समोरच उभी होती. तिने सायकलीच्या दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या.

दार वहिनींनी उघडलं. त्या क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या भावोजी," आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. टेबलापाशी दादा बसले होते. अंगात बसवाल्याचा खाकी शर्ट, पुढ्यात दोन फोन.

काय बोलावं ते सुचेना, म्हणून कुलूपराव म्हणाले, "आज बस वेळेवर सुटली वाटतं."

"कुठली बस?" वहिनी म्हणाल्या.

"तू गप्प गं," दादा म्हणाले.

"का गप्प बसू? भावोजी, बस सुटून चौदा महिने झाले. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, परवाना गेला. घरीच असतात. फक्त मंगळवारी हा शर्ट चढवतात आणि तीनला बाहेर पडतात. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत बाकावर बसतात पाचपर्यंत."

"का?" कुलूपरावांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना कळलं.

"तू यायचा बंद झाला असतास," दादा म्हणाले. "आई तुझी वाट बघते."

आतल्या खोलीतून आईची हाक आली, "कोण आहे रे?"

"मी," दोघेही एकदम म्हणाले.

"एकदा विचारलं तर दोनदा कशाला सांगतोस?" आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्यानंतर जे बोलणं झालं ते कुजबुजत झालं. कुलूपराव उभे राहिले. अकरा वर्षं जमवलेलं वाक्य ओठांवर आलं आणि बाहेर पडलं ते असं : "सदर दिवशी माझ्याकडून जे विधान झालं…"

"अर्ज करतोयस का?" दादांनी विचारलं.

कुलूपराव खाली बसले आणि रडायला लागले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी ओट्यावरचं फडकं तोंडात कोंबलं. (ते भांडी पुसायचं होतं. वहिनींनी बघितलं, पण अडवलं नाही.)

"तू बोललास त्याचा राग नव्हता मला," दादा हळूच म्हणाले. "मला तेच वाटत होतं. अजून वाटतं. तू शिकलेला, तू म्हणतोयस तर तसंच असणार. त्यांना नेलं असतं तर वाचले असते. चौदा महिने त्या बाकावर दुसरा कसला विचार केला मी?"

"नसते वाचले," कुलूपराव म्हणाले. "काही उपयोग झाला नसता, दादा. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुमच्या भावाने त्यांचे हाल वाचवले."

दादांनी मान वर केली. "कधी विचारलंस?"

कुलूपरावांना तेव्हा कळलं की आपण काय उघडून बसलो. पण आता ते झाकायला काही हाताशी नव्हतं.

"दुसऱ्या महिन्यात."

"वडील गेल्यावर दुसऱ्या महिन्यात?"

"हो."

दादा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. दोघांचं तोंड एकच, ते तेव्हा वहिनींनाही दिसलं. मग दादा उठले, मोरीपाशी गेले आणि नळ पूर्ण सोडून पाठमोरे उभे राहिले. पाणी वाया जात होतं. आयुष्यभर पाणी वाचवा असं लिहिणाऱ्या हेडक्लार्कना नळ बंद करा म्हणायचं धाडस झालं नाही.

"मी जातो," शेवटी ते म्हणाले.

दादा वळले नाहीत. "मंगळवारी ये," नळाच्या आवाजातून ते म्हणाले. "मी लाँड्रीत जाणार नाही. गुडघे दुखतात बाकावर. बोलेन की नाही, ते सांगता येत नाही."

"बरं."

टेबलावरचा आपला फोन उचलून कुलूपराव पुढच्या जिन्याने खाली उतरले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. खाली आल्यावर बायकोला कळवावं म्हणून त्यांनी फोन तोंडासमोर धरला. फोनने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे सुजून बोराएवढे झालेले, नाक लाल, मिशी एका बाजूला चिकटलेली. 'चेहरा जुळत नाही,' फोन म्हणाला. त्यांनी दिव्याखाली जाऊन पाहिलं, हसून पाहिलं. शेजारून जाणाऱ्या एका बाईने पोराला जवळ ओढून घेतलं. फोन काही त्यांना ओळख देईना. आकडे टाका म्हणायला लागला, तर आकडे त्यांनी इतके अवघड ठेवले होते की ते एका कागदावर लिहिले होते आणि तो कागद कचेरीच्या खणात कुलूपबंद होता.

दोन मजले चढून त्यांनी पुन्हा दार वाजवलं. दार दादांनी उघडलं. तोंड स्वच्छ धुतलेलं, खांद्यावर पंचा.

कुलूपरावांनी फोन पुढे केला. "दादा, जरा तोंड दाखव."

दादांनी फोनकडे पाहिलं. फोन लगेच उघडला. त्यांनी तो परत दिला, भावाला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले,

"रडलो मीही. पण रडून झाल्यावर तोंड धुवायचं असतं, हे तुला मी दुसरीपासून सांगतोय."

आणि दार लावून घेतलं.