तात्यांचं दुखरं बोट

बबनतात्या आमच्या दाराची कडी वाजवत नाहीत, स्वतःचं नाव वाजवतात. दारावर नखाची एक लांब ओढ, मग तीन टिचक्या, म्हणजे तारेच्या मोर्स भाषेतला इंग्रजी ‘बी’. पाचही अक्षरं वाजून होण्याआधी मी दार उघडलं, तर उंबऱ्यात तसेच उभे राहतात. “अजून ‘एन’ यायचाय, भाऊ.” मग मी दार पुन्हा लोटतो.

कळंबमध्ये त्यांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, शेजारी माझं झेरॉक्सचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते तांब्याची तार आणायला पुण्याला गेले आणि एका दुकानदाराकडे त्यांनी हौशी रेडिओ पाहिला. तो माणूस तोंड न उघडता एका खटक्यावर कट्ट-कडकट्ट करून कुठल्या कुठं गप्पा मारत होता. तात्या तार तिथंच विसरून आले.

पुढं सहा महिने ते रस्त्यानं ‘डा डिट डा’ पुटपुटत फिरले. काकूंनी घाबरून ओझरच्या विघ्नहराला नवस बोलला. तो फेडायच्या आत तात्या परीक्षा पास झाले, लायसन आलं आणि गच्चीवरच्या टाकीपासून नारळापर्यंत रेडिओच्या एरियलची एक तार ताणली गेली. काकू तिच्यावर कपडे वाळत घालतात. “तुझ्या पातळानं माझा आवाज दाबला,” अशी तात्यांची नेहमीची तक्रार असते.

खटक्याची भाषा आल्यापासून त्यांना साधं बोलणं लांबलचक वाटायला लागलं. घोडेगावकडचा एखादा शेतकरी मोटार कशी जळाली हे अगदी पेरणीपासून सांगू लागला, की तात्या हात वर करून म्हणतात, “थोडक्यात पाठवा.” पुतणीच्या लग्नात त्यांच्या हातात माईक दिला. रेडिओवाले निरोप घेताना शुभेच्छा म्हणून एक आकडा पाठवतात. तात्या तेवढंच म्हणाले, “त्र्याहत्तर,” आणि खाली बसले. मांडवातले निम्मे पावणे आपला पंगतीचा नंबर लागला का, हे बघायला उठले.

वेगाचा त्यांना लई अभिमान. अडकित्त्यानं सुपारी कातरल्यागत हात चालला पाहिजे, म्हणायचे. समोरचा रेंगाळला की सरळ सोडून द्यायचे.

म्हणून यंदा थंडीत मला नवल वाटलं. सकाळी त्यांच्याकडं ठेवलेली माझ्या दुकानाची किल्ली मागायला गेलो, तर तात्या खटक्यावर इतकं सावकाश वाजवत होते, की मलासुद्धा आवाज मोजता आले असते. मधेच थांबत होते. पलीकडून येणारे ठोके तर पार अडखळत, सांडत येत होते. तात्या शांतपणे ऐकत होते. संपल्यावर मी विचारलं, बॅटरी उतरलीय का?

बॅटरी ठीक होती. पलीकडं थॉमस मास्तर होते, केरळातले निवृत्त शिक्षक. चार वर्षं रोज सकाळी दोघांची गाठ पडते. एकमेकांचा आवाज दोघांनी कधी ऐकलेला नाही. पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो, तात्या सांगत होते, आणि मास्तरांचा तर मोत्यासारखा व्हता. दिवाळीपासून तो थरथरायला लागला. मास्तर दर वाक्याला माफी मागत. मग एक दिवस त्यांनी कळवलं, की माझ्यामुळं तुमचा खोळंबा होतो, आता मी थांबतो.

“मग?”

“मग मी कळवलं, माझं बोट वाइंडिंगच्या मशिनमध्ये चेंगारलंय. जलद जमत न्हाई. तुमीच आता जरा सांभाळून घ्या.”

तेव्हापासून मास्तर रोज वेळेवर येतात आणि आधी बोटाची चौकशी करतात. तिळाचं तेल कोमट करून चोळा, असं त्यांनी बजावलंय.

एवढ्यात काकू वाटी घेऊन आल्या. तात्यांनी मुकाट्यानं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट, अगदी धडधाकट, तेलात बुडवलं आणि चोळायला घेतलं.

मी काही विचारायच्या आतच म्हणाले, “उद्या मास्तर विचारतील, तेल लावलं का म्हणून. एक खोटं सांगून बसलोय, राव. दुसरं न्हाई सांगवत.”