पाठमोरी मोटार

आमच्या शिवाजी पेठेत आबासाहेबांची मोटार यायची ती पाठमोरी, आणि जायची ती आमच्याकडं तोंड करून. हा थाट नव्हता, हट्ट होता. गिअरच्या पेटीतले पुढं न्यायचे सगळे दाते मोडले होते, मागं न्यायचे तेवढे शाबूत. मग काय, मान मुरगाळून मागं बघत ते साऱ्या कोल्हापुरात उलटे हिंडत. टांग्यांची घोडी उधळत, बायका ओट्यावर चढत, आणि आबासाहेब वर ओरडत, "बाजूला व्हा की! माणूस येतंय, दिसत न्हाय व्हय?"

तिकडं लढाई पेटलेली, विलायतेहून नवी पेटी येईना. दस्तगीर मिस्त्री म्हणाला, "उचगावात एका व्यापाऱ्याची अश्शीच मोटार झाडावर आपटून मेलीया. पेटी ठणठणीत हाय."

"दुसऱ्याचं उष्टं माझ्या गाडीत? न्हाय चालायचं!"

उष्टं हा त्यांचा लाडका शब्द. दुसऱ्यानं वाचलेलं वर्तमानपत्रही उष्टं. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. एकदा त्यांच्या तांब्याला तोंड लावून पाणी प्यालो, तर संध्याकाळी तो तांब्याच गड्याबरोबर माझ्या घरी आला. पितळ चांगलं आहे, अजून वापरतो. बायको गेल्यापासून जेवायलाही ते भिंतीकडं तोंड करून एकटेच बसत.

अशात नेसरीला दिलेल्या सोनाला, त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. वैद्यानं बैलगाडीचे हिसके वर्ज्य केलेले. आबासाहेबांनी पेठभर सांगितलं, लेक मोटारीतनं येणार! तर विहीणबाईंचा निरोप आला, "उलट्या गाडीतनं सून पाठवणार न्हाय. गाडी सुलटी चालली तर या, न्हाईतर बाळंतपण हितंच हुईल."

मग काही दिवस मोटारही घराबाहेर पडली नाही आणि आबासाहेबही. एका सकाळी मात्र उचगावची पेटी पोत्याखाली झाकून दारात आली.

"आधी पंचगंगेत बुडवून आण तिला," आबासाहेब म्हणाले.

"पाण्यानं गंजंल की," दस्तगीर म्हणाला. "तिला तेल लागतंय."

"मग तेलानं न्हाऊ घाल. पर घाल!"

पेटी बसली. पेठेत सांगितलं, थेट विलायतेची आहे. पेठ तोंड दाबून हसली. मोटार तोंड पुढं करून नेसरीला निघाली, पण आबासाहेबांची मान सवयीनं मागंच होती.

सोना आली. मी भेटायला गेलो तेव्हा बापलेक समोरासमोर जेवत होते. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. भाकरी अर्धी टाकून, "नको आबा," म्हणत ती आत जाऊन पडली. आबासाहेब तिच्या ताटाकडं बघत राहिले. मग ते ताट त्यांनी पुढ्यात ओढलं आणि तिनं मोडलेली भाकरी, बोटं घातलेलं कालवण, सगळं चवीनं खायला लागले. इतकी वर्षं या माणसाला हसलो, पण तेव्हा हसू आलं नाही.

त्यांची नजर माझ्यावर गेली.

"मास्तर, जरा तिकडं तोंड करून बसा की."

मी गुमान भिंतीकडं वळून बसलो.