एओर्टा, पाच अक्षरं

“आम्ही अगदी ठणठणीत आहोत रे, तू तुझं बघ!” ट्रंक कॉलवरचा आईचा तो खणखणीत आवाज पुरुषोत्तमरावांच्या कानात अजून घुमत असे. माउली पाय प्लास्टरमध्ये घालून हे बोलत होती, हे त्यांना पुढच्या सुट्टीत कळलं. दूरदेशीच्या पोरांना दुखणं कळवायचं नाही, हा घरचा रिवाज. लंडनच्या एजवेअरला येऊन त्यांनीही तो पाळला. स्वतःच्या हर्नियाबद्दल ग्लासगोच्या डॉक्टर लेकीला त्यांनी “माझ्या एका मित्राला” म्हणून विचारलं होतं. श्रद्धाने तो मित्र तिथल्या तिथे ओळखला होता.

त्या शनिवारी इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं नेमकं हृदयावर निघालं.

“तुम्हाला नाही जमायचं,” वैजयंतीबाई सोफ्यावरून म्हणाल्या. “लेकीला फोन कराल.”

“मुळीच नाही! केला तर महिनाभर भांडी माझ्याकडे.”

“बरं. आधी वरून माझी शाल आणा.”

“हल्ली जिन्याशी कट्टी घेतलीयस वाटतं!” कुरकुरत ते वर गेले आणि वरच्या फोनवरून हळूच ग्लासगो गाठलं.

“श्रद्धा, हृदयातून निघते ती सगळ्यात मोठी रक्तवाहिनी कुठली गं?” आवाज दबका, त्यात जिन्याची धाप.

“एओर्टा. बाबा, तुम्ही व्हिस्पर का करताय?”

“आई ऐकेल. आणि डाव्या बाजूची झडप?”

“मायट्रल. पण हे कोणासाठी?”

कोड्याचं कबूल करावं, तर पैज गेली. “एका… मित्रासाठी.”

श्रद्धाचा आवाज एकदम डॉक्टरी झाला. “बाबा, तिथेच बसा. हलू नका. आय ॲम सेंडिंग ॲन ॲम्ब्युलन्स.”

“अगं, पण—”

फोन बंद. परत लावावा, तर एंगेज्ड. एवढ्यात समोरच्या घरातले मुरलीधर सपाता फटफटवत जिना चढून आले, हातात ॲस्पिरिन. “श्रद्धाचा फोन होता. चावा! गिळायची नाही, चावायची!”

“मला काहीही झालेलं नाही!”

“हर्नियाच्या वेळीही हेच म्हणत होतात!”

नाही म्हणावं तितकी लोकांची खात्री पटत गेली. ॲम्ब्युलन्समधून हिरव्या गणवेशातले दोघे आले, त्यांनी पुरुषोत्तमरावांना शालीसकट धरून खाली आणलं, सोफ्यावर निजवलं, सदरा वर केला, छातीवर वायरी चिकटवल्या. पडद्यावरची रेघ लेझीम धरल्यासारखी तालात नाचत होती.

“लव्हली हार्ट,” त्यातली बाई म्हणाली.

“मग विचारलंत कशाला?” मुरलीधरांनी लावलेल्या फोनच्या स्पीकरवरून श्रद्धा ओरडली.

तोंडात ॲस्पिरिन कडू झालेली. पुरुषोत्तमरावांनी खिशातून चुरगळलेला पेपर काढला. “कोडं होतं गं.”

मुरलीधर पोट धरून हसले. लेक हसता हसता रडली. हिरवी बाईसुद्धा हसत वायरी गुंडाळू लागली. फक्त वैजयंतीबाई हसल्या नाहीत. बाजूच्या खुर्चीत बसून मांडीवरच्या शालीचे गोंडे त्या केव्हापासून पिळत होत्या.

“प्लीज, वेट,” त्यांनी बाईच्या हातावर हात ठेवला आणि फोनकडे तोंड केलं. “श्रद्धा, शाल मी थंडीसाठी मागवत नाही गं. गणपतीपासून जिना चढला की माझ्याच छातीत गच्च आवळतं.”