माझ्या कंबरेचे वकील

आमच्या कॉलनीत कुणाला दवाखान्यात जायचं असलं की तो आधी डॉक्टरांची वेळ विचारत नाही, लोटन आप्पा घरी आहेत का ते विचारतो. पेशंटबरोबर दोन-चार माणसं जाणं ही आमच्या शहाद्याकडची रीतच आहे. एकट्याने दवाखान्यात गेलेल्या माणसाबद्दल लोक नंतर बरेच दिवस हळहळतात. पण लोटन आप्पा नुसते बरोबर जात नाहीत. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत ते बसतात, पेशंटला बाजूच्या स्टुलावर बसवतात आणि पेशंटचं सगळं दुखणं स्वतःच सांगतात. पेशंटने मध्येच तोंड उघडलं तर त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला गप्प करतात.

"दुखनारानी बोलानं नही," हा त्यांचा नियम. "संगे येनारानी बोलानं. ज्याले दुखस तो एक तं रडस, नही तं लपाडस. मंग डॉक्टरले काय समजी?"

आप्पांची प्रकाशा गावाला तापीकाठी केळीची शेती. मुलं सुरतेला धंद्यात पडली, तेव्हा शेत कसायला देऊन आप्पा आणि त्यांच्या पत्नी जिजी आमच्या शेजारी राहायला आले. जिजी गेल्या, आणि त्यानंतर आप्पांना हा दवाखान्याचा नाद लागला. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, बगलेत छत्री, उन्हाळा असो वा हिवाळा. दवाखान्यात निघालेले आप्पा लांबून पाहिले तर वाटावं, हा माणूस कुणाच्या तरी साखरपुड्याला चालला आहे.

माझं सांगायचं तर मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो आणि मुलांना वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार करतो. 'श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा, आवाज पोटातून काढा' हे मी मुलांना इतकं सांगितलंय की ती माझ्या मागे माझी नक्कल करतात. हाच मी डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलो की "थोडं दुखतं" यापलीकडे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कसं दुखतं?" तर मी विचार करतो, आणि म्हणतो, "बऱ्यापैकी."

दुखते ती कंबर. कधी सुरू झालं ते आता आठवतही नाही. सुरुवातीला मला त्याचा थोडा अभिमानच होता. स्टाफरूममध्ये मी कंबरेवर हात ठेवून उठायचो आणि सगळे चौकशी करायचे. कुणी रुईची पानं गरम करून बांधायला सांगितली, कुणी एरंडेल, कुणी डिंकाचे लाडू. मी सगळं केलं, लाडू जरा जास्तच मनापासून केले. पण लोकांना दुसऱ्याच्या दुखण्याचा कंटाळा लवकर येतो. हळूहळू मी उठताना फक्त खुर्ची कुरकुरायची, विचारायचं कुणी नाही.

त्यात रिपोर्ट नॉर्मल. एक्स-रे नॉर्मल, त्या बोगद्यात घालून काढतात तो फोटोही नॉर्मल. एका डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन घेऊ नका म्हटलं. तिसऱ्यांनी फोटो उजेडावर धरून असा चेहरा केला, जणू मी त्यांची फसवणूक करायला आलो होतो. घरी बायको म्हणाली, "पेपर तपासायचे आले की तुमची कंबर बरोबर उठते." त्यात थोडं तथ्य होतं. पण बाकीच्या दिवशीही ती उठायचीच, आणि ते कुणाला पटवून देता येत नव्हतं. दुखण्यापेक्षा मला त्याचाच त्रास जास्त व्हायचा. शेवटी मीच स्वतःकडे संशयाने बघायला लागलो.

तासभर उभं राहणं जमेना, म्हणून मी वर्गात खुर्चीत बसून शिकवू लागलो. मुख्याध्यापकांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "सर, पालक विचारतात, हे सर आजारी आहेत की आळशी आहेत?" त्यांनी स्वतःचं मत सांगितलं नाही, पण ते मला कळलं. तब्येत झेपत नसेल तर लवकर निवृत्ती घेता येते, असंही ते जाता जाता बोलले. त्या संध्याकाळी मी आप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"सर, मी कवयपासून वाट देखी ऱ्हायनू," आप्पा म्हणाले, आणि लगेच टोपी घातली.

आप्पांनी माझी कंबर हातात घेतल्यावर तिचे दिवसच पालटले. शहाद्याच्या पहिल्याच डॉक्टरांपुढे त्यांनी छत्री टेबलाला टेकवली आणि सुरुवात केली. "पहिले कमर धरस. मंग दुखनं पायमा उतरस. पायले मुंग्या येतस. आनि मंग तयपायले अशी आग लागस, जशी चैतमा अनवानी शेतमा चालनं. पाय बादलीना पानीमा बुडाडी बसनं पडस, तवय जीव थंडा व्हस."

मी थक्क होऊन ऐकत राहिलो. माझी कंबर दुखायची, पायापर्यंत कळही यायची, पण तळपायाची आग आणि ती बादली माझ्या दुखण्यात नव्हती. मी तोंड उघडलं, तर आप्पांचा हात मांडीवर आला. खरं सांगतो, मला विरोध करावासाही वाटला नाही. त्यांनी सांगितलेल्या दुखण्यापुढे माझं दुखणं फारच सामान्य होतं. इतकं चांगलं मला कधीच सांगता आलं नसतं. शिवाय ऐकता ऐकता माझे तळपाय खरोखरच थोडे गरम झाले.

तळपायाची आग म्हटल्यावर डॉक्टरांनी साखर तपासली. साखर ठीक निघाली. आप्पांचं समाधान झालं नाही. ते मला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, तिथे पुन्हा साखर. तिसऱ्यांनी म्हटलं, साखर आत्ता नाही, पण लक्षणं बघता गोड बंदच केलेलं बरं. आणि आगीसाठी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मला अशी झोप यायची की वार्षिक परीक्षेत पर्यवेक्षण करता करता मी घोरलो. त्या वर्गाचा निकाल त्या वर्षी फार चांगला लागला.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. आमच्या खान्देशात आखाजीपुढे दिवाळी फिकी. खापरावरच्या मांड्यासारख्या पातळ पुरणपोळ्या आणि आमरस. आप्पा एकटे म्हणून आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. मला बायकोने भाकरी वाढली आणि समोर आप्पांनी तुपात बुडवून पोळ्या खाल्ल्या. मी बघतोय हे बघून ते म्हणाले, "सर, पथ्य म्हंजे पथ्य," आणि आणखी एक पोळी घेतली.

जेवण झाल्यावर ते नेहमीप्रमाणे आमच्या ओट्यावर माठाजवळ जाऊन बसले. ही त्यांची दुसरी सवय. चप्पल काढून माठाखालच्या ओल्या फरशीवर पाय ठेवून बसायचं. बायकोने एकदा माठ कोपऱ्यात हलवला, तर आप्पाही कोपऱ्यात गेले. आम्ही दोघं त्यावर पुष्कळ हसलो होतो.

माझ्या औषधांतली उरलेली मलमंही आप्पा मागून न्यायचे. "फेकाले जीव व्हत नही," म्हणायचे. जुना काटकसरी शेतकरी, म्हणून मी देत राहिलो.

नंदुरबारच्या डॉक्टर मॅडमचं नाव आप्पांनीच काढलं. मॅडम मूळच्या अक्कलकुव्याकडच्या, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. ही शेवटची डॉक्टर, असं मी मनाशी ठरवलं होतं. हिनेही 'टेन्शन घेऊ नका' म्हटलं तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर निवृत्तीचा अर्ज ठेवायचा. आम्ही एसटीने निघालो. तापीच्या पुलावर आप्पांनी नेहमीसारखे खिडकीतून हात जोडले. मी समजलो, प्रकाशाच्या महादेवाला.

मॅडमनी आप्पांचं सगळं ऐकून घेतलं. कमर, मुंग्या, चैत, बादली. मग त्यांनी मला पालथं झोपायला सांगितलं आणि अंगठ्याने कंबर दाबत दाबत विचारू लागल्या. इथे दुखतं का, उभं राहिल्यावर जास्त की बसल्यावर, पाठ टेकल्यावर बरं वाटतं का. आप्पा उत्तर द्यायला लागले की त्या म्हणायच्या, "आप्पा, थांबा. सरंस्ले बोलू द्या." आणि त्या थांबायच्या. मी गप्प राहिलो तरी थांबायच्या. बाहेर रांग होती, तरी त्यांची घाई दिसेना. मग मी बोलायला लागलो. वर्ग, खुर्ची, मुख्याध्यापक, बायको, फोटो उजेडावर धरणारे डॉक्टर, सगळं आलं. पालथं पडून, उशीत तोंड खुपसून केलेलं ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक भाषण असेल.

"सर, तुमचं दुखणं खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "फोटोत दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. पण तुम्ही वर्गात शिकवाल, एवढं आपण करू. उंच स्टूल घ्या, टेकून शिकवा. मुख्याध्यापकांशी मी बोलते. आणि बरं वाटो न वाटो, दर महिन्याला मला येऊन सांगायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंड उशीत होतं म्हणून अब्रू वाचली. मी उठून बसलो, तेव्हा मॅडम विचारत होत्या, "पण सर, तुम्ही पाय बादलीत बुडवून बसता का हो?"

"नाही," मी म्हणालो.

"तळपायाची आग होते?"

"नाही. म्हणजे, आप्पा सांगतात तेव्हा थोडी होते."

"मग बादलीत पाय कोण बुडवतं?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा पंख्याकडे बघत होते. त्यांच्या चपला खुर्चीखाली होत्या आणि दोन्ही तळवे थंडगार फरशीवर घट्ट टेकलेले होते. मला माठ आठवला, मलमं आठवली, आणि आखाजीच्या पोळ्या आठवल्या. इतके दिवस साखर माझी मोजत होते आणि दुखणं आप्पांचं सांगितलं जात होतं. एवढं शिकलेला मी, पण माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

"आप्पा, आते तुम्हनं सांगा," मॅडम म्हणाल्या.

"मन्हं काय सांगानं?" आप्पा छत्री चाचपत म्हणाले. "मी तं संगे येल शे."

"शुगरन्या गोया चालू शेतस ना?"

आप्पांनी तळवे खुर्चीखाली ओढले. "गोया तिन्हा हातमा व्हत्यात," ते शेवटी म्हणाले. "ती गयी, गोया बी गयात."

"मंग दवाखानामा काब्र उना नहीत?"

"मन्हा संगे कोन यी, ताई? पोरं सुरतले शेतस. फोन करतस, बरं शे ना इचारतस. मी सांगस, बरं शे."

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एकट्याने जायचं नाही आणि दुखणाऱ्याने बोलायचं नाही, या दोन नियमांत हा माणूस अडकून बसला होता. स्वतःचं दुखणं डॉक्टरांच्या कानावर घालण्याची त्यांना एकच वाट उरली होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या नावावर. मी तपासणीच्या टेबलावरून उतरलो, हाताला धरून आप्पांना माझ्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या खुर्चीत बसलो.

"मी येल शे त्यास्ना संगे," मी म्हणालो.

शाळेत आणि दवाखान्यात मी कधी अहिराणी बोलत नाही. त्या दिवशी बोललो. आप्पांचं दुखणं मला तोंडपाठ होतं. मुंग्या सांगितल्या, आग सांगितली, चैतातलं शेत सांगितलं, बादली सांगितली. माठाची ओली फरशी मी माझ्या पदरची घातली. आखाजीच्या पोळ्याही सांगितल्या, कारण माझी भाकरी मी विसरलो नव्हतो. आप्पांनी एकदा तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. तरी ते बोललेच. "पहिले डावा पाय, सर," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

मॅडमनी पाय हातात घेऊन बोटं, टाचा, सगळं बघितलं, रक्त तपासलं. साखर एवढी होती की मॅडमनी आधी माझ्याकडेच रागाने बघून घेतलं. वेळेवर आलात, म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर पायावर बेतलं असतं. आता दर महिन्याला दोघं या.

परतीच्या एसटीत आप्पांनी गोळ्यांची पिशवी माझ्याकडे सांभाळायला दिली. मी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. कंबर दुखतच होती, पण आता तिला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. पूल आला. आप्पांनी हात जोडले, आणि या वेळी मी नीट पाहिलं. देऊळ दुसऱ्या बाजूला होतं. आप्पा पाण्याकडे बघत होते, जिजींना जिथे पोचवलं त्या काठाकडे.

पूल संपल्यावर त्यांनी टोपी सारखी केली.

"ती बी असंच सांगे, सर," ते म्हणाले. "डाक्टरपुढे मले बोलूच दे नही."

मी खिशातली गोळ्यांची पिशवी चाचपली.

"पन पुरनपोयास्नं," आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती कधी सांगे नही."